ताळेबंदात नसलेली माणसे

कोणत्याही मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून पाहावा. अध्यक्षांच्या निवेदनात कोठे ना कोठे एक वाक्य हमखास भेटते : आमची माणसे हीच आमची सर्वांत मोठी संपत्ती आहे. वाक्य सुंदर आहे. परंतु आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. ‘संपत्ती’ हा शब्द कानावर आला की तिची नोंद कोणत्या पानावर आहे हे पाहण्याची खोड आम्हांला जडलेली असते. म्हणून पाने उलटीत ताळेबंदापाशी यावे, तर तेथे जमीन आहे, इमारत आहे, यंत्रसामग्री आहे, येणे रकमा आहेत, बँकेतील शिल्लक आहे. माणसे मात्र कोठेच नाहीत. ती सापडतात नफा-तोटा पत्रकात, खर्चाच्या बाजूला, पगार व भत्ते या शीर्षकाखाली. ज्यांना अध्यक्षमहाशय संपत्ती म्हणतात, त्यांना त्यांचाच हिशेबनीस खर्च म्हणतो!

यात हिशेबनिसाचा दोष नाही. अमूर्त मालमत्तेविषयीचे आपले लेखामानक क्रमांक २६ असे सांगते की, जिच्यावर संस्थेचे नियंत्रण आहे तीच मालमत्ता. कुशल कर्मचाऱ्यांवर तसे नियंत्रण संस्थेला सहसा नसते. ते उद्या राजीनामा देऊन शेजारच्या कंपनीत जाऊ शकतात. म्हणून त्यांचे कौशल्य ताळेबंदात घेता येत नाही. नियम शहाणपणाचा आहे. माणूस कोणाच्या मालकीचा नसतो हे त्यात गृहीत धरलेले आहे, आणि ते चांगलेच आहे.

माणसांची किंमत मांडण्याचा प्रयत्न झालाच नाही असेही नाही. १९७१ साली लेव्ह आणि श्वार्ट्झ या दोघा अभ्यासकांनी एक पद्धत सुचविली. कर्मचाऱ्याला निवृत्त होईपर्यंत जे वेतन मिळावयाचे त्याचे आजचे मूल्य काढावे, आणि तेच त्याचे मोल समजावे. आपल्याकडे भारत हेवी इलेक्ट्रिकल्स या सरकारी कंपनीने १९७०-८० च्या दशकात, तर इन्फोसिसने १९९०-२००० च्या दशकात अशा धर्तीवर मनुष्यबळाचे मूल्य आपल्या अहवालांतून प्रसिद्ध केले. हेतू स्तुत्यच होता. पण गणित जरा निरखून पाहिले तर त्यातील विसंगती ध्यानात येते. ज्याला पगार थोडा त्याचे मोल थोडे! वीस वर्षे एकाच टेबलाशी बसून प्रत्येक गिऱ्हाइकाची खोड ओळखणारा कारकून स्वस्त, आणि काल रुजू झालेला व्यवस्थापक महाग. कारकुनाच्या डोक्यात काय आहे हे या गणिताला दिसत नाही. त्याच्या पाकिटात काय जाते एवढेच दिसते.

जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक माणसे कमी करण्याचे जाहीर केले. तो निर्णय योग्य की अयोग्य या वादात मी शिरत नाही. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने फक्त एवढे ध्यानात घ्यावे : बारा यंत्रे मोडीत काढली तर त्यांची उरलेली किंमत पुस्तकातून वजा करावी लागते, बारा हजार माणसे गेली तर त्यांच्याबरोबर गेलेल्या ज्ञानापोटी एक पैसाही वजा करावा लागत नाही.

सारांश, हा प्रश्न हिशेबाच्या वहीत सुटणारा नाही. तो सुटला तर नेतृत्वाच्या पातळीवरच सुटेल. हल्ली ‘माणूसकेंद्री नेतृत्व’ हा शब्द व्यवस्थापनाच्या वर्गात वारंवार ऐकू येतो. त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा सांगितला जातो की साहेबाने गोड बोलावे, वाढदिवसाला केक कापावा, आणि वर्षातून एकदा सर्वांना सहलीला न्यावे. माझे मत असे की, हा अर्थ अपुरा तर आहेच, पण दिशाभूल करणाराही आहे. माणूसकेंद्री नेतृत्व हा स्वभावाचा गुण मानला की ते साहेबाच्या मर्जीवर अवलंबून राहते. खालच्या माणसाने सांगितलेले वरच्या माणसाला ऐकावे लागेल आणि त्याचे उत्तर द्यावे लागेल, अशी व्यवस्था म्हणजे माणूसकेंद्री नेतृत्व. केक असो वा नसो!

ज्ञानाधिष्ठित कामाच्या ठिकाणी अशी व्यवस्था विशेष निकडीची का? पीटर ड्रकर या व्यवस्थापनशास्त्रज्ञाने १९५९ साली ‘ज्ञानकर्मी’ ही कल्पना मांडली. गिरणीतल्या कामगाराचे माग गिरणीतच राहतात. ज्ञानकर्मीचे उत्पादनसाधन त्याच्या डोक्यात असते आणि संध्याकाळी ते त्याच्याबरोबर घरी जाते. शिवाय माग फिरतो की नाही हे मुकादमाला दिसते. डोके फिरते आहे की नाही हे कोणालाच दिसत नाही. हुकूम करून माणसाला खुर्चीवर बसविता येते. त्याला जे ठाऊक आहे ते सांगण्याचा हुकूम मात्र सोडता येत नाही, कारण त्याला काय ठाऊक आहे हेच हुकूम सोडणाऱ्याला ठाऊक नसते.

हे मला पुस्तकापेक्षा माझ्या गावामुळे अधिक उमगले. माझे गाव बालाघाट. मध्य प्रदेशात, वैनगंगेच्या काठी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बालाघाट आणि नागपूर एकाच प्रांतात होते. आजही आमच्याकडे बाजारात हिंदी, मराठी, पोवारी एकमेकींच्या हातात हात घालून चालतात, आणि जंगलाकडून येणारी गोंडीही त्यांत मिसळते. शहराला लागूनच भरवेली येथे मँगनीजची खाण आहे. ती मॉइल या सरकारी कंपनीची आहे आणि आशियातील सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते. जमिनीखाली साडेतीनशे मीटरांहून अधिक खोलीवर तेथे काम चालते. या कंपनीचे मूळ १८९६ साली स्थापन झालेल्या एका इंग्रजी मंडळीत आहे. १९६२ साली सरकार भागीदार झाले, १९७७ साली कंपनी पूर्णपणे सरकारी झाली, आणि २०१० साली तिचे भाग शेअरबाजारात आले. तिचे मुख्य कार्यालय नागपूरला आहे.

कोणी म्हणेल, विषय काय आणि ही खाणीत काय उतरली! संगणक, वातानुकूलित खोल्या आणि काचेच्या इमारती यांविषयी लिहावयाचे सोडून घाम, धूळ आणि पहार यांची कथा कशाला? माझे उत्तर असे की, भूमिगत खाण हे फार जुने ज्ञानाधिष्ठित कामाचे ठिकाण आहे. आपण तेथल्या ज्ञानाला ज्ञान म्हणत नाही, एवढाच फरक.

खाणीतून खनिज काढले की पोकळी उरते. ती वाळूने भरून काढावी लागते, छताला आधार द्यावा लागतो. नकाशे काढणारे अभियंते हे सारे ठरवितात. परंतु आज, या पाळीत, या बोगद्यात डोक्यावरचा दगड धरून आहे की सुटला आहे, हे नकाशावर लिहिलेले नसते. अनुभवी माणूस पहारीच्या टोकाने छत ठोकून पाहतो. आवाज खणखणीत आला तर दगड पक्का. पोकळ, बद्द आवाज आला तर तो सुटलेला. हा आवाज कानाला ओळखता येण्यासाठी वर्षे जातात. आमच्या भागात खाणीत जाणाऱ्या माणसांच्या गप्पा लहानपणापासून ऐकल्या आहेत. त्यांत पगाराइतकीच या आवाजाची चर्चा असते. ज्याचे जळते त्यालाच कळते, म्हणतात. येथे तर ज्याच्या डोक्यावर आहे त्यालाच कळते. खाणीचा व्यवस्थापक कितीही शिकलेला असो, त्या क्षणी त्याला हवे असलेले ज्ञान खाली उभ्या असलेल्या माणसाच्या कानात असते.

आता महत्त्वाचा प्रश्न : हे ज्ञान वरपर्यंत पोहोचावे कसे? ‘आमच्या साहेबांचे दार सदैव उघडे असते’ एवढ्यावर कायद्याने भागविले नाही. १९५२ च्या खाण कायद्याखाली १९५५ साली खाण नियम झाले. त्या नियमांत पुढे अशी तरतूद करण्यात आली की, ज्या खाणीत ५०० वा अधिक माणसे काम करतात तेथे कामगार संघटनेशी विचारविनिमय करून ‘वर्कमेन्स इन्स्पेक्टर’ नेमावेत. एक खाणकामासाठी, एक विजेच्या कामासाठी, एक यंत्रांसाठी. हा निरीक्षक बाहेरून येणारा सरकारी अंमलदार नसतो. तो त्या कामात मुरलेला, त्याच खाणीतला माणूस असतो. तो हिंडून पाहतो, आणि जे दिसले ते एका वहीत तारीख घालून, सही करून लिहितो. मग व्यवस्थापकाने त्याच वहीत, आपण काय उपाय केला ते लिहून, तारीख घालून, सही करावयाची. १०० हून अधिक माणसे असलेल्या खाणीत दोन्ही बाजूंच्या लोकांची सुरक्षा समिती असावी, अशीही तरतूद आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामाच्या ठिकाणची सुरक्षितता व आरोग्य यांविषयीची नवी श्रमसंहिता लागू झाली आहे. तीतही मालक व कामगार यांच्या प्रतिनिधींच्या सुरक्षा समितीची कल्पना कायम आहे.

वाचकहो, ही वही मला फार मोलाची वाटते. एका पानावर सुटलेल्या दगडाची खबर, आणि तिच्यापाशी शिकलेल्या व्यवस्थापकाचे उत्तर. खालच्या माणसाचे म्हणणे मान्यच केले पाहिजे असे वही म्हणत नाही. ‘पाहणी केली, धोका नाही’ असे व्यवस्थापक लिहू शकतो. मात्र त्याला ते स्वतःच्या सहीनिशी लिहावे लागते. ऐकले नाही असे म्हणण्याची सोय त्याला उरत नाही. अनेक व्यवस्थापकीय ग्रंथांत माणूसकेंद्री नेतृत्वाचे जे वर्णन शेकडो पानांत येते, ते या दोन सह्यांत मावते असे मला वाटते.

योगायोग असा की, माणूस आणि काम यांच्या नात्याचा आधुनिक अभ्यासही एका अर्थाने खाणीतूनच वर आला. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींत नवी यंत्रे आली. पूर्वी दोन-चार जणांच्या लहान टोळ्या आपापले काम आपसांत वाटून घेत. कोणी काय करावयाचे ते तेच ठरवीत. यंत्रांबरोबर लांब भिंतीची पद्धत आली, एकेका पाळीला कामाचा एकेक तुकडा मिळाला, आणि टोळ्या मोडल्या. यंत्रे उत्तम असूनही अपेक्षेइतके उत्पादन वाढेना. गैरहजेरी मात्र वाढली. १९५१ साली एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफोर्थ यांनी याची कारणमीमांसा प्रसिद्ध केली. यंत्र बसविताना माणसांची आपसांतली घडी विसकटली, आणि त्या घडीतच कामाचे अर्धे शहाणपण साठलेले होते, असा त्यांच्या निष्कर्षाचा आशय सांगता येईल. या दोघांपैकी बॅमफोर्थ हे स्वतः पूर्वी खाणकामगार होते. कागदावर जे दिसले नसते ते दिसण्याचे तेही एक कारण असावे.

हाच विचार पुढे आपल्या देशात आला. त्याच संस्थेतील ए. के. राइस यांनी १९५३ साली अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये एक प्रयोग केला. तेथे स्वयंचलित माग बसविले होते, पण कापड मनासारखे निघत नव्हते. प्रत्येक कामगाराला कामाचा एकेक बारीक तुकडा वाटून दिलेला होता. मागांच्या एका समूहाची जबाबदारी अशी कोणाचीच नव्हती. राइस यांनी सुचविले की, ठरावीक मागांचा एक समूह ठरावीक माणसांच्या गटाकडे सोपवावा. कामगारांनी ही कल्पना तत्काळ उचलून धरली आणि गट स्वतःच जुळविले. सुरुवातीच्या अडचणी ओसरल्यावर उत्पादन वाढले, खराब कापडाचे प्रमाण घटले. माग तेच होते, माणसेही तीच होती. बदलली होती ती केवळ मांडणी.

हा झाला सत्तर वर्षांपूर्वीचा धडा. तो आपण विसरलो की काय, अशी शंका नव्या कचेऱ्यांकडे पाहिले की येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे मत मांडले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी ९० तासांची भाषा केली. आपल्या वसतिगृहात यावर झालेले वाद अनेकांना आठवत असतील. मूर्तींविषयी मला अनादर नाही. १९८१ साली पुण्यात सुरू होऊन पुढे बेंगळुरूला गेलेल्या त्यांच्या कंपनीने १९९० नंतरच्या दशकात कर्मचाऱ्यांना भाग देऊन मालकीत सहभागी करून घेतले, हे आपल्याकडील उद्योगजगतात नवे पाऊल होते. परंतु तासांचा हिशेब हा अंगमेहनतीचा हिशेब आहे. खड्डा खणणारा दहा तासांत आठ तासांपेक्षा अधिक खणील. हिशेबातील चूक हुडकणारा थकला की अधिक चुका हुडकीत नाही. स्वतःच नव्या चुका करू लागतो. ज्ञानाची कंपनी म्हणवून घ्यावयाचे आणि मोजावयाचे मात्र तास, हे तराजूने कापड मोजण्यासारखे आहे.

गेल्या सुट्टीत मी नागपुरातील एका कचेरीत दीड महिना उमेदवारी केली. दुसऱ्या कंपन्यांची हिशेबाची कामे तेथे संगणकावर होतात. प्रत्येकाने दिवसाला किती बिले चढविली याचा आकडा पडद्यावर सर्वांना दिसत असे. आमच्या गटातल्या एका मुलीच्या लक्षात आले की, एका पुरवठादाराची काही बिले दोनदा चढली आहेत. एकदा क्रमांकाच्या आधी शून्य घालून, एकदा शून्याशिवाय. यंत्राला ती दोन निराळी बिले वाटली. तिला वाटली नाहीत, कारण त्या पुरवठादाराची शून्य घालण्याची खोड तिला ठाऊक होती. ती गटप्रमुखांकडे गेली.

“सर, ही बिलं दोनदा चढली आहेत असं वाटतं.”

“तुमची आज किती झाली? आधी आकडा पूर्ण करा, मग बघू.”

ते ‘मग’ मी असेपर्यंत तरी उजाडले नाही. दर सोमवारी बैठक होत असे. ती इंग्रजीत चाले. ही मुलगी गोंदियाकडची, मराठी माध्यमातून शिकलेली. बैठकीत ती एक शब्द बोलत नसे. पुढे गिऱ्हाइकाच्या लेखापरीक्षकांनीच ती बिले पकडली, आणि ‘सर्वांनी अधिक दक्ष राहावे’ अशा अर्थाचे एक परिपत्रक सर्वांना आले. जी दक्ष होती तिलाही ते आले! गटप्रमुख काही दुष्ट माणूस नव्हते. डबा सर्वांबरोबर खात, कोणाच्या घरी आजारपण असले तर सुट्टी देत. पण तिचे म्हणणे लिहून घेण्याची वही त्या कचेरीत नव्हती, आणि त्यांच्या डोक्यावरही आकड्याचेच ओझे होते.

येथे मला भाषेचा मुद्दा आवर्जून मांडावयाचा आहे, कारण आपल्या या नियतकालिकाचे एक अंग मराठी आहे आणि दुसरे कन्नड. आपल्यापैकी कितीतरी जण मराठी वा कन्नड माध्यमातून आलो. जमाखर्च आपल्याला कळतो, पण इंग्रजी बैठकीत आपली जीभ जड होते. याला आपण आपली वैयक्तिक उणीव समजतो आणि इंग्रजी संभाषणाचा वर्ग लावतो. वर्ग अवश्य लावावा. मीही लावला आहे. परंतु ज्या संस्थेचा धंदाच माणसांच्या डोक्यातील ज्ञानावर चालतो, तिने अर्ध्या माणसांची डोकी भाषेच्या कुलुपाने बंद ठेवावीत, हा त्या संस्थेचाही तोटा नव्हे काय? खाणीत छत पोकळ वाजले तर मेटला ते कोणत्या भाषेत सांगितले याची चौकशी कोणी करीत नाही. गोंडीत सांगितले तरी माणसे मागे सरतात.

या प्रतिपादनावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला असा की, सर्वांचे ऐकत बसले तर शिस्त राहणार नाही आणि स्पर्धेत धंदा टिकणार नाही. याला खाणीचेच उत्तर आहे. खाणीइतकी कडक शिस्त क्वचितच कोठे असेल. सुरुंगाच्या वेळी कोणी कोठे उभे राहावयाचे, केजमध्ये किती जणांनी चढावयाचे, यात तेथे चर्चा नसते. कडक शिस्त आणि खालच्या माणसाचे ऐकणे या दोन गोष्टी एकाच ठिकाणी नांदतात, किंबहुना एकीवाचून दुसरी टिकत नाही. आपले म्हणणे ऐकले जाते असा ज्याचा अनुभव असतो, तो हुकूमही मनापासून पाळतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचणारा आहे. कोणी म्हणेल, खाणीचे एवढे गोडवे गाऊ नका. इंग्रजी कंपन्यांच्या काळापासून खाणीत माणसे चिरडली गेली, धुळीने छाती पोखरून निघाली, कंत्राटी मजुराला आजही कायम कामगाराइतका आवाज नाही, आणि कायद्यातल्या समित्या कित्येकदा चहा-बिस्किटांपुरत्याच भरतात. हे सारे खरे आहे. खाण म्हणजे रामराज्य असे मी म्हटलेले नाही. माझे म्हणणे यामुळे उलट बळकटच होते. खाणीतली ती वही कोणा मालकाच्या प्रेमळ हृदयातून निघाली नाही. ती अपघातांतून, संघटनांच्या रेट्यातून आणि कायद्यातून आली. जेथे न ऐकण्याची किंमत प्रेताच्या रूपाने वर येते, तेथे समाजाने ऐकण्याची सक्ती केली. कचेरीत न ऐकण्याची किंमत हळूहळू वसूल होते : कोणी झोप गमावतो, कोणी आपले बोलणे गमावतो, कोणी मुकाट्याने नोकरी सोडतो, आणि गिऱ्हाइकाचे पैसे दोनदा जातात. ही किंमत दिसत नाही म्हणून सक्तीही नाही, आणि सक्ती नाही म्हणून सारा भार साहेबाच्या स्वभावावर. चांगला साहेब बदलून गेला की चांगुलपणाही त्याच्याबरोबर बदलून जातो.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक कचेरीत अशी एक वही असावी. संगणकावर असली तरी चालेल. तीत कोणीही, ज्या भाषेत येते त्या भाषेत, कामातील दोष वा सुधारणा लिहावी. ठरावीक दिवसांत वरिष्ठाने तिच्याखाली उत्तर लिहून सही करावी. ‘अमान्य’ असे लिहिले तरी त्याचे कारण द्यावे. लिहिणाऱ्याला त्याबद्दल त्रास होणार नाही याची हमी असावी. आणि वर्षाच्या शेवटी किती नोंदी झाल्या, किती मान्य झाल्या, किती अनुत्तरित राहिल्या, हे वार्षिक अहवालात छापावे. ‘आमची माणसे हीच आमची संपत्ती’ या वाक्याच्या बरोबर खाली! माणसांचे मोल रुपयांत मांडता येत नाही हे लेखामानकाने सांगितले. त्यांचे ऐकले की नाही, हे मात्र आकड्यांत सहज मांडता येईल. ते काम आम्हा वाणिज्याच्या विद्यार्थ्यांचेच आहे.

आपल्यापैकी बहुतेकजण येत्या दोन-तीन वर्षांत कोठल्या ना कोठल्या मुलाखतीला बसतील. मुलाखतीच्या शेवटी, ‘तुम्हांला काही विचारावयाचे आहे का?’ असे विचारण्याची रीत आहे. आपण बहुधा पगार विचारतो, किंवा संकोचाने काहीच विचारीत नाही. यापुढे एक प्रश्न अवश्य विचारावा : आपल्याकडे सर्वांत कनिष्ठ माणसाच्या सांगण्यावरून कामाची पद्धत शेवटची केव्हा बदलली? प्रश्न मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा, अडखळत इंग्रजीत विचारा. उत्तर ऐकताना समोरच्याचे शब्द मोजू नयेत. त्या उत्तराचा आवाज कसा येतो, खणखणीत की पोकळ, तेवढे नीट ऐकावे.